सर्व्हर भिंतीपलीकडे, आणि म्हणे इंटरनेट तपासा

मिठाईच्या दुकानात रांग दारापर्यंत आलेली, अर्धा किलो कुंदा हातात धरलेल्या माणसाची खानापूरची गाडी सुटायला टेकलेली, आणि तिन्ही काउंटरच्या ब्राउझरवर तेच करडं पान. साइट उघडत नाही, कनेक्शन तपासा. कसलं कनेक्शन, बाबा? सर्व्हर, म्हणजे बिलांचा प्रोग्राम चालवणारा कॉम्प्युटर, आत आहे, भट्टीच्या भिंतीपलीकडे! पणजीपासून बंगळुरापर्यंतच्या सगळ्या फायबर तुटल्या तरी हे बिल निघायलाच पाहिजे. पण पोऱ्या ओरडतो, "नेट इल्ला री!" नेट नाही म्हणे, आणि सगळे मान डोलावतात. झालं निदान.

घडलेलं एवढंच, की परवा व्होल्टेज वाढून जुना राउटर जळाला. नवा बसवणारा आला, हिरवा दिवा लागला, पैसे मोजून घेऊन गेला. सर्व्हरचा नेटवर्कमधला आकडी पत्ता कायमचा बांधून द्यायचं नाव नाही. जुन्या राउटरनं सर्व्हरला १९२.१६८.१.४ दिलेला, काउंटरवर बुकमार्क त्याचाच. नव्यानं सर्व्हरच्या गळ्यात शेवटी .७ वाला पत्ता घातला आणि .४ दिला भट्टीवरच्या पोराच्या मोबाइलला. .४ ला पिंग मारा, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, झकास उत्तर येतंय. "पिंग होतंय की, सर्व्हर चालू आहे," असं फोनवरनं ठोकून द्यायला सपोर्टवाला मोकळा. अरे मर्दा, उत्तर मोबाइल देतोय! बिलिंगच्या ८०८० पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या खिडकीवर, मोबाइल काय बिल छापणार? म्हणून तर ब्राउझर एका क्षणात 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणून मोकळा होतो. ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण वाचेल तर शपथ.

रिफ्यूज्ड म्हणजे दार सापडलं, ठोठावलं, आतनं "इथं कोण नाही" असं उत्तर आलं. टाइम्ड आउट म्हणजे हाका मारून घसा बसला तरी ओ नाही. रोग दोन, आणि औषध एकच: राउटर बंद करून चालू करा. कुठला पत्ता कुणाकडे आहे ते दाखवणारी 'आर्प -ए' ही आज्ञा टाइप केली असती तर .४ समोरचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, सर्व्हरचा नाही हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पण त्यासाठी खुर्चीवर बसावं लागतं.

बरं, बुकमार्क .७ केला. आता रिफ्यूज्ड गेलं आणि टाइम्ड आउट आलं! राउटर नवा म्हणजे विंडोजच्या लेखी नेटवर्क नवं, आणि नवं नेटवर्क म्हणजे परकं, 'पब्लिक'. फायरवॉलनं, म्हणजे विंडोजच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं, बिलिंगच्या प्रोग्रामला सोडलेलं फक्त 'प्रायव्हेट', म्हणजे घरच्या नेटवर्कमध्ये. त्यात पब्लिकवर विंडोज पिंगलाही दाद देत नाही. म्हणजे चुकीच्या पत्त्यावर पिंग जिवंत, बरोबर पत्त्यावर मेलेलं! सर्व्हरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क प्रायव्हेट करायचं, एक टिचकी. तेवढ्यासाठी कुणीतरी फायरवॉलच आख्खी बंद करून ठेवतो, ते वेगळंच.

हे सगळं तावातावानं सांगणाऱ्या शहाण्याचा लॅपटॉप कुठं होता म्हणाल, तर गेस्ट, म्हणजे पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवर. गेस्टवरनं आतली मशीन दिसतच नाहीत, ती सोय त्यासाठीच असते. पाव तास शिव्या खाल्ल्या त्या बिचाऱ्या सर्व्हरनं. हसा.

पण काउंटरला चिकटवलेली ती चिठ्ठी? 'लोकलहोस्ट:८०८०'! सर्व्हरवरचा पत्ता बघून जसाच्या तसा उतरवलाय. लोकलहोस्ट म्हणजे ज्याच्यासमोर बसलायस तेच मशीन रे, काउंटर स्वतःच्याच घरी बिल मागायला जातोय. आणि प्रोग्राम बनवणारे तरी कुठले धुतल्या तांदळाचे! प्रोग्राम १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच लोकलहोस्टवर, ऐकत बसवतात आणि "आमच्याकडे चालतंय" म्हणतात. चालणारच की, तुमच्याकडे एकच मशीन. सर्व्हरवर 'नेटस्टॅट -एएनओ' लावा, कुठला पोर्ट कुठल्या पत्त्यावर ऐकतोय ते दिसतं; ८०८० च्या अलीकडे ०.०.०.० किंवा त्या मशीनचा पत्ता दिसला तरच बाहेरच्यानं दार वाजवावं.

ब्राउझरचा आगाऊपणा तर विचारूच नका. 'सर्व्हर' टाइप केलं की भाड्यानं सर्व्हर देणाऱ्यांच्या जाहिराती. पत्ता दिला की कधीकधी आपणहून एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद बोली, लावतो, आतल्या प्रोग्रामला साधं एचटीटीपी सोडून काही येत नाही, की एसएसएलची, म्हणजे त्या कुलपाची, बोंब. एचटीटीपी, कोलन, दोन तिरप्या रेघा, पत्ता, कोलन, पोर्ट, सगळं बोटानं लिहा तेव्हा कुठं ऐकतो. मालकाचा मोबाइल आणखी पुढचा: वायफायला इंटरनेट नाही दिसलं की गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि १९२.१६८ ला टॉवरवर शोधत बसतो. आणि "कॅश क्लिअर करा", म्हणजे ब्राउझरनं साठवलेली जुनी पानं पुसा, म्हणणाऱ्यांना एकदा भट्टीसमोर कढई ढवळायला बसवा.

इलाज पाच मिनिटांचा. राउटरच्या डीएचसीपीत, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये, सर्व्हरचा मॅक पत्ता घालून .४ त्याच्याच नावावर राखून ठेवायचा, आधी पोराचं वायफाय बंद करून. जुने बुकमार्क तसेच चालतात. फक्त राउटरचा पासवर्ड पाहिजे, आणि तो बदलून गेलाय बसवणारा. फोन लावला की कट करतोय. हा मात्र शुद्ध रिफ्यूज्ड.