नस नवी होत नाही, आणि उंदीर बोलत नाही

‘मधुमेहानं पायांची आग होते? स्टेम सेलच्या एका इंजेक्शनात नस नवी, दुखणं कायमचं बंद. उंदरांवर सिद्ध! पेशी स्वतःच्याच, धोका शून्य. गोळ्या आजच सोडा.’ हा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. पाठवणारे आपलेच काका-मावशी, म्हणून जरा सविस्तर.

‘उंदरांवर सिद्ध’ हे पूर्ण खोटं नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटानं अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल (म्हणजे इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) उंदरांच्या मणक्यात टोचल्या आणि दुखणं काही आठवडे कमी झालं. काही आठवडे, ‘कायमचं’ हा शब्द फॉरवर्ड करणाऱ्यांचा.

नस नवी झाली? त्याच प्रयोगात पेशींनी सोडलेलं टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन निकामी केल्यावर दुखणं परतलं. म्हणजे काम त्या स्रावाचं होतं. नस नव्यानं बांधली गेली असती, तर प्रथिन अडवून दुखणं परतलं नसतं.

आता उंदराचं दुखणं म्हणजे काय, तेही पाहा. १९८८ पासून रूढ असलेल्या एका पद्धतीत मांडीतल्या सायटिक नसेभोवती चार सैलसर टाके बांधून दुखणं मुद्दाम उभं करतात. मग पंजाला बारीक तंतू टोचून तो पाय कधी झटकतो, ते मोजतात. रात्रभर तळपाय जळतात, झोप उडते, हे उंदीर सांगणार कसं? वर्षानुवर्षांच्या साखरेनं झिजलेल्या नसा आणि गेल्या आठवड्यात बांधलेली नस, यांत फरक आहेच. सबस्टन्स पी हे वेदनेचं रसायन अडवणारी औषधंही प्राण्यांत छान चालली, माणसांच्या दुखण्यावर मात्र फसली. त्यातलंच अ‍ॅप्रेपिटंट आज केमोथेरपीच्या उलट्यांवर देतात.

‘स्वतःच्याच पेशी’ म्हणाल, तर फ्लोरिडात २०१५ मध्ये तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या स्टेम सेल टोचल्या होत्या. पैसे घेऊन. तिघींची दृष्टी गेली.

भारतातल्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीत करता येतो. नसांच्या दुखण्याचं ‘पॅकेज’ त्यात बसत नाही.

सगळ्यात घातक त्या मजकुराचं शेवटचं वाक्य, ‘गोळ्या आजच सोडा’. नसांच्या दुखण्यावर देतात ते प्रीगाबालिन एकदम बंद केलं तर झोप उडते, मळमळतं, घाम फुटतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळूच उतरवतात. मावशींना आधी एवढं कळवा.