अवकाश मोजणारा चित्रकार

आपल्याकडे अमूर्त चित्रावरची चर्चा फार लवकर ध्यान, शून्य आणि झेनकडे वळते. हल्ली त्यात क्वांटमचीही भर पडली आहे. वासुदेव गायतोंडे यांच्यावरच्या लेखांत तर हे हमखास होतं. नेदरलँड्समधून ते वाचताना रशियन अमूर्त चित्रकार एल लिसिट्स्की पुढे ठेवावासा वाटतो. त्याच्या १९२३च्या ‘प्रौन-खोली’ची प्रतिकृती इथल्या आइंडहोव्हनच्या व्हॅन अॅबे संग्रहालयात आहे.

लिसिट्स्की डार्मस्टाटला वास्तुरचना शिकला आणि १९१९पासून व्हिटेब्स्कमध्ये ‘प्रौन’, म्हणजे भौमितिक आकारांची अमूर्त चित्रं, करू लागला. १९२५च्या लेखात त्याने लोबाचेव्हस्की, गाउस, रीमान या गणितज्ञांचे दाखले दिले. पण त्याच लेखात चौथी मिती रंगवायला निघालेल्यांना फटकारलंही. बहुमितीय अवकाश गणितात मांडता येतं, डोळ्यांना दाखवता येत नाही, हे त्याचं म्हणणं. आपल्या क्वांटमवाल्यांनी हे आधी वाचावं.

मग विज्ञानातून त्याने घेतलं काय? एक गृहीतक सोडून देण्याची हिंमत. पर्स्पेक्टिव्हमध्ये समांतर रेषा दूर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि बघणाऱ्याचा डोळा एका जागी खिळलेला असतो. समांतर रेषा समांतरच ठेवल्या की तो खिळा निघतो. करायला सोपं वाटतं, पण फसतं नेमकं इथेच. आयसोमेट्रिक पद्धतीने, म्हणजे आडव्या रेषेशी ३० अंशांचा गुण्या लावून, घन काढला आणि त्याच्या बाराही कडा दाखवल्या, तर पुढचा आणि मागचा कोपरा एकाच बिंदूवर येतात. दिसतो तो सहा त्रिकोणांचा सपाट षटकोन. त्याऐवजी चौरस तळ काटकोन न मोडता ३० आणि ६० अंशांवर फिरवायचा आणि उभ्या कडा सरळ वर न्यायच्या. कोपरे सुटे होतात, घन उभा राहतो. आता सगळ्या बाजूंना एकाच दिशेचा उजेड दिला तर मात्र तो निव्वळ खोका होतो. लिसिट्स्की एकाच चित्रात दोन-तीन अक्षव्यवस्था, म्हणजे कडा कुठल्या कोनांत जातात याच्या वेगवेगळ्या पद्धती, मिसळतो. त्यामुळे एकच पट्टी आधी पुढे, मग मागे जाते, आणि चित्राची वरची बाजू कोणती हे ठरत नाही.

इथल्या लोकांचंही सगळं बरोबर नाही. भूमिती समजावली की चित्र संपलं, असा एक कोरडेपणा इथल्या लेखनात आहे. प्रौनमधला खरखरीत राखाडी आणि चकचकीत काळा यांतलं अंतर कुठलाही कोन सांगत नाही.

पण तो कोरडेपणा थोडा आपल्याला परवडेल. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत, कागद दाबून रंग उचलत. त्यांचं अवकाश या थरांतूनच तयार होतं. कुठला थर आधीचा, रोलर ओल्या रंगावर फिरला की सुकत आलेल्यावर, हे प्रश्न मराठी लेखांत क्वचितच येतात. शांतता मात्र पहिल्याच परिच्छेदात येते.