ती डायनासोरची दाढ नाही

गेले काही दिवस एक फोटो हातोहात फिरतोय. तळहातावर अंगठ्याच्या पेराएवढी, काळपट, चौकोनी वस्तू, आणि तिच्या माथ्यावर शेजारी शेजारी उठलेल्या वळ्या. खालचा मजकूर थोडक्यात असा: एका हौशी संग्राहकाला डायनासोरची दाढ सापडली. रंग काळा, म्हणजे कोट्यवधी वर्षं जुनी. कार्बन चाचणीने वय नऊ कोटी वर्षं ठरलं. दाढ एवढी, तर प्राणी केवढा! शार्कचा दात म्हणावा तर शार्कला हाडंच नसतात, मग त्याचा जीवाश्म होणार कसा? तज्ज्ञांनाही नेमकं नाव सांगता आलं नाही, म्हणजे प्रजाती नवीच. शेवटी एक सल्लाही जोडलाय: असं काही सापडलं तर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, लखलखीत होईल.

संग्राहकाची यात काहीच चूक नाही. त्याने फक्त विचारलं होतं, ‘हे काय असावं?’ उत्तरं नंतर लोकांनी चिकटवली.

आधी दाढेचं बघू. या फोटोतली वस्तू टिकोडस नावाच्या नामशेष शार्कचा दात आहे. याच कुळीतला एक दात माझ्याकडे आहे. भिंगाखाली धरला की माथा काचेसारखा चकाकतो. मधल्या वळ्या टाकी लावलेल्या जात्यासारख्या समांतर जातात, कडेला वाकतात, तुटतात आणि शेवटी त्यांचे नुसते दाणे होतात. माथ्याभोवती दाण्यांची ही झालर असते आणि ती फिरत्या फोटोतही स्पष्ट दिसते. दात उलटा केला की चकाकी संपते. खाली मूळ असतं: ठेंगणं, माथ्यापेक्षा अरुंद, मंद रंगाचं, सच्छिद्र. कडेने पाहिलं तर एका बाजूला फुगवटा आणि विरुद्ध बाजूला खोबण. एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खोबणीत बसतो आणि जबड्यात फरशी अंथरल्यासारखी दातांची रांग तयार होते. शिंपले, शंख, असल्या कवचांचा चुरा करायला ही फरशी.

डायनासोरांत चघळणारे म्हणून बदकचोचे प्रसिद्ध आहेत. पण त्यांचे दात लहान, उभट, एकावर एक रचलेले असतात आणि एनॅमल मुख्यतः एकाच बाजूला असतं. वळ्या बघून कुणी हत्तीच्या दाढेची आठवण काढली, तर ती शंका निदान समजण्यासारखी आहे. पण हत्तीच्या दाढेतल्या पट्ट्या वरपासून खोलवर गेलेल्या असतात. इथल्या वळ्या नुसत्या माथ्यावर आहेत.

गोंधळ आजचा नाही, हेही सांगायला हवं. खडूच्या खडकात सापडणारे हे दात पूर्वी माशांच्या टाळूचे तुकडे समजले जात. 1830च्या दशकात स्विस निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी त्यांना टिकोडस हे नाव दिलं. ग्रीक शब्दांतून बनलेल्या या नावाचा अर्थ ‘घड्या पडलेला दात’.

‘शार्कला हाडं नसतात’ हे बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चूक. सांगाडा कूर्चेचा असतो आणि तो सहसा कुजून जातो. दात कूर्चेचे नसतात. त्यांचा गाभा डेंटिनचा, वरचा थर एनॅमलसारख्या कडक पदार्थाचा, आणि दोन्हींत कॅल्शियम फॉस्फेट खच्चून भरलेलं. शिवाय शार्क आयुष्यभर दात टाकत राहते. एकेका मुशीमागे हजारो दात समुद्रतळाशी जातात. मुशी मेल्यावर तिचं बाकी काही उरो न उरो, दात उरतात. म्हणूनच पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या जीवाश्मांत शार्कचे दात इतक्या सहज सापडतात.

काळा रंग म्हणजे जुना, हेही तसंच. दाताला रंग येतो तो ज्या गाळात पुरला गेला त्यातल्या खनिजांमुळे. फॉस्फेटयुक्त थरांतले दात काळे होतात, लोह असलं तर तांबूस-तपकिरी, आणि खडूसारख्या खडकातले कधी फिकट पिवळेसुद्धा राहतात. एकाच वयाचे दोन दात दोन ठिकाणी दोन रंगांचे मिळतात. रंगावरून मातीचा स्वभाव कळतो, वय नाही.

आता कार्बन चाचणी, जी या मजकुराला शास्त्रीय मुलामा देते. कार्बन-14चं अर्धायुष्य सुमारे 5,730 वर्षं. पन्नास हजार वर्षांत मूळ साठ्याचा चारशेवा भागही उरत नाही आणि पद्धतीची मर्यादा तिथेच कुठेतरी येते. नऊ कोटी वर्षांत अर्ध्याचं अर्धं पंधरा हजारांहून जास्त वेळा होतं. मोजायला काही शिल्लकच नसतं. त्यामुळे ‘कार्बन चाचणीने नऊ कोटी’ असं लिहिणाऱ्याने चाचणी केलेली नाही, हे वेगळं तपासावं लागत नाही.

गंमत म्हणजे आकडा मात्र अगदीच हवेतला नाही. टिकोडस सुमारे साडेदहा ते साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रांत होता. पण हे कळलं ते दातांना घेरून असलेल्या थरांवरून. त्या थरांतले अमोनाइट (वेटोळ्या कवचाचे नामशेष समुद्री प्राणी) आणि विशिष्ट शिंपले थरांचा क्रम सांगतात. मध्ये ज्वालामुखीच्या राखेचा पापुद्रा असेल तर त्यातल्या खनिजांचं वय आर्गॉन पद्धतीने काढता येतं. म्हणजे वय ठरतं ते दात कुठल्या थरातून आला यावर, आणि फिरत्या फोटोत नेमकी तीच माहिती नाही.

दाढ एवढी तर प्राणी केवढा, या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण इथे अभ्यासकसुद्धा चकले होते. टिकोडसच्या तोंडात सगळे दात सारखे नव्हते. खालच्या जबड्यात मधली रांग सर्वांत मोठ्या दातांची; वरच्या जबड्यात मात्र मधलीच रांग सर्वांत बारीक. मधली रांग सोडली तर दोन्ही जबड्यांत कडेला जावं तसे दात लहान होत जातात. त्यामुळे मोठ्या माशाचा कडेचा दात आणि छोट्या माशाचा मधला दात एकाच मापाचे निघू शकतात. तोंडातली जागा ठरवल्याशिवाय दातावरून लांबी काढणं म्हणजे करंगळीचं नख बघून माणसाची उंची सांगणं.

आणि अंगकाठी? जवळजवळ दोन शतकं हातात होते ते बहुतेक सुटे दात, काही जबड्यांचे तुकडे आणि मणके. दात फरशीसारखे, म्हणून मासाही तळाशी रेंगाळणारा, संथ, असं चित्र रूढ झालं. मग ईशान्य मेक्सिकोतल्या व्हायेसिओ इथल्या चुनखडीच्या खाणींतून अख्खे नमुने निघाले, शरीराच्या बाह्यरेषेसकट. 2024 साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि चित्र पालटलं: निमुळतं अंग, मोकळ्या पाण्यात वेगाने पोहणारा मासा, आजच्या ग्रेट व्हाइट आणि माको या शार्कच्याच गणातला. असला शिकारी कवचं फोडत होता, म्हणजे त्याचं भक्ष्य तळाच्या शिंपल्यांपुरतं नसावं. पोहणारे अमोनाइट आणि समुद्री कासवंही त्यात असावीत, असं संशोधकांनी सुचवलं. मोठ्या प्रजाती दहा मीटरच्या आसपास असाव्यात असा अंदाज आहे. दातांनी खाण्याची पद्धत बरोबर सांगितली होती, शरीर मात्र सांगितलं नव्हतं.

राहिली नवी प्रजाती. ‘तज्ज्ञांना सांगता आलं नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की तज्ज्ञाने ‘टिकोडसची एक प्रजाती’ एवढं लिहून पुढची जागा मोकळी सोडली. ही हार नव्हे, सभ्यता आहे. मीही या फोटोवरून त्यापुढे जाणार नाही. प्रजाती ठरवायला वळ्या किती, त्या दाण्यांत कशा विरतात, माथा सपाट की उंचवट्याचा, हे सगळ्या बाजूंनी पाहावं लागतं. त्यात झिजलेले आणि वाढतानाच वेडेवाकडे झालेले दातही असतात. फोटो तर वरून घेतलेला, एकच.

खरोखर विचित्र दात असतात, नाही असं नाही. हेलिकोप्रिऑन या नामशेष माशाचं दातांचं चक्र 1899 मध्ये रशियन भूशास्त्रज्ञ कारपिन्स्की यांनी वर्णिलं, आणि ते नाकावर होतं, शेपटीवर होतं की पाठीवर, याबद्दल तर्क चालूच राहिले. आयडाहोतल्या एका नमुन्याच्या सीटी स्कॅनने 2013 साली ते खालच्या जबड्यात बसवलं. पण तिथे निकाल लागला तो चक्राभोवती जबड्याची कूर्चा शाबूत होती म्हणून.

शेवटचा तो व्हिनेगरचा सल्ला. प्रयोगशाळेत सौम्य ॲसिटिक आम्ल वापरतात हे खरं, पण ते तीव्रता सांभाळून, दाताला झळ लागू नये म्हणून त्यात मुद्दाम इतर द्रव्यं घालून, आणि वेळोवेळी तपासत. घरी रात्रभर बुडवलेल्या दाताचं मूळ सकाळी ठिसूळ झालेलं मिळेल. माथा चकाकेल कदाचित, तो तर आधीच चकाकत होता.

फोटो मोठा करून बघितला तर दाताच्या दोन वळ्यांमध्ये पांढरट भुकटी अडकलेली दिसते. ती बहुधा ज्या खडकात दात होता त्याचीच आहे. खडूचा खडक असेल तर तो सूक्ष्म शैवालांच्या कवचांनी बनलेला असतो, आणि त्या कवचांच्या प्रकारांवरून थराचा काळ बऱ्यापैकी सांगता येतो. टाचणीच्या टोकावर मावेल एवढी भुकटी त्याला पुरते. संग्राहकाने अजून दात ब्रशने घासला नसेल, तर त्याने खालून, कडेने, मोजपट्टीसह चार फोटो काढावेत, सापडल्याची जागा लिहून ठेवावी आणि त्या वळ्यांना हात लावू नये.