कुत्र्याचा उत्पादन खर्च काढायची सोपी पद्धत

कुत्रं पाळायचा विचार असन तर भाऊ, आधी वही-पेन घ्या. तुम्ही आजवर कशाचाच हिशेब केला नाई हे मले माहीत आहे, पोरीच्या लग्नाचा केला नाई, बोअरचा केला नाई (तिसरा कोरडा गेला तेव्हा तर अजिबातच नाई), पराटीवर (कापसावर) किती फवारे झाले ते कृषी केंद्रवाल्याच्या वहीत सापडते, आपल्या घरात नाई. पण कुत्रं पाळणं जबाबदारीचं काम आहे बापा, तिथं असं अंदाजपंचे चालत नाई.

माझा पुतण्या पुण्याले कंपनीत आहे. त्यानं लॅब्राडोर आणलं अन् आणायच्या आधी त्याच्या उभ्या जन्माचा खर्च एक्सेलमध्ये काढला, बारा वर्षं धरून साडेबारा लाख. म्हणजे सालाले लाखाच्या वर, इतक्या पैशात आमच्या इकडे सालदार (सालभराचा गडी) मिळत होता अन् तो भुंकतही नव्हता. नुसतं डॉगफूड महिन्याले दहा किलो, मी बोटावर मोजलं तर बारा वर्षांत साडेचौदा क्विंटलच्या जवळ होते, एवढं सोयाबीन तर मले तीन एकरात झालं तर मी गावजेवण घालीन.

तो म्हणे काका तुम्हीपण शेऱ्याचा (आमच्या घरच्या कुत्र्याचा) खर्च काढा, कळू द्या तुमाले. काढला. तुमीबी काढा, पद्धत सांगतो.

पहिले जात ठरवा. गावठी आणत असाल तर हा भाग सोडून द्या, ते आपणच तुमच्या मागं मागं येते. पण गावात वजन पाहिजे असन तर हस्की घ्या, सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढायले तयार झालेलं जनावर, अंगावर केसाचे दोन-दोन थर, त्याले आपल्या मे महिन्यात आणा, पारा ४५ च्या वर गेला असताना. घरातला कूलर त्याच्याकडे लावा. आजीले टिनाच्या खोलीत झोपवा, तिले सवय आहे. अन् कागदपत्रं मागून घ्या बरं, चांगल्या कुत्र्यासंग वंशावळ येते, बाप कोण, आजा कोण, पणजा कोण सगळं छापील. आपल्याले ओबीसीच्या दाखल्यासाठी १९६७ च्या आधीचा एक कागद पाहिजे असते तर तीन वर्षं तहसीलचे चकरा होतात, अन् इथं कुत्र्याचा पणजा फोटोसकट हजर.

नर घ्यायचा की मादी? नर. मादी घेतली की दोन महिन्यांत पाच-सहा पिल्लं, अन् ते दर सालचं. एकदा ऑपरेशन केलं तर विषय संपते पण तेवढा खर्च कोण करते. नराचा फायदा असा का त्याची पिल्लं दुसऱ्याच्या गोठ्यात होतात, खर्च गावाच्या खात्यात जाते अन् आपली वही स्वच्छ राहते.

आता खरा हिशेब. त्याच्यासाठी कृषी मूल्य आयोगाची पद्धत धरा, कापसाले चालते तर कुत्र्याले काऊन चालणार नाई. पहिला आकडा ए-टू, म्हणजे खिशातून गेलेला पैसा. शेऱ्या दिवसाले दोन भाकरी खाते, दोनशे ग्रॅम ज्वारी धरा, सालाची ७३ किलो, बारा वर्षांची पावणेनऊ क्विंटल. २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये, म्हणजे झाले ३२ हजार ४००. हमीभावानं मोजायचं बरं, बाजारात ज्वारी त्या भावानं जात नाई हे खरं, पण विकताना नाई तर निदान कुत्र्याले चारताना तरी हमीभाव मिळाल्याचं समाधान घ्या.

मंग इंजेक्शनं. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पहिली लस, तीन-चार हप्त्यांनी तिचा बूस्टर, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची अन् ती पुढं दर सालची. जंताचं औषध वेगळं. इथं बचत करायची सोपी युक्ती म्हणजे पहिल्या लशीच्या टायमाले 'गावठीले काई होत नसते' असं म्हणा. पार्वो नावाचा रोग झाला, पिल्लू रक्ताची हागवण करायले लागलं की मंग ढोराच्या डॉक्टरले रात्री फोन करा, तीन दिवस सलाईन लावा, खाटेच्या खुराले बाटली टांगून बसा. पहिल्या पिल्लाच्या वेळी मी असाच पैसा वाचवला होता. पिल्लू वाचलं नाई.

रेबीजची लस चुकवायची असन तर दुसरा हिशेब तयार ठेवा. कुत्रं कोणाले चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते, पण तेवढा टाइम नसतेच, आपण मिरची भरतो. मंग सरकारी दवाखान्यात पहिला दिवस (तो शून्य धरायचा), तिसरा, सातवा अन् अठ्ठाविसावा असे चार चकरा. सुई फुकट आहे. पेट्रोल अन् बुडालेला रोज तुमचा. अन् ते चारही चकरा टाळून ज्याले खरंच रोग झाला त्याचा पुढचा खर्चच बंद होते, कारण लक्षणं दिसल्यावर त्या रोगातून माणूस वाचत नाई.

किरकोळ खर्चात चपला, खाटेची निवार, ठिबकच्या नळ्या (चार लॅटरल, एका रात्रीत) अन् शेजाऱ्याची कोंबडी. या कोंबडीवर थोडं थांबू. शेऱ्यानं ती धरली तेव्हा मी म्हटलं घे बापा पाचशे रुपये अन् मिटव. शेजारी ओट्यावर बसला अन् म्हणे, भाऊ ती अंड्यावरची होती. दीडशे अंडी देणार होती. त्यातली अर्धी खुडूक कोंबडीखाली ठेवली असती, त्यातल्या किती पिल्लायले घारीनं नेलं असतं तेही त्यानं वजा केलं, राहिलेल्या कोंबड्या गावरान म्हणून पोळ्याच्या पाडव्याले विकल्या असत्या, अन् असं करत करत तो बकरीपर्यंत आला. मी अकराशेवर तोडलं. संध्याकाळी त्याच्या घरून रश्श्याचा वास येऊन राहिला होता. पुतण्याची एक्सेल मले तेव्हाच फिकी वाटली.

दुसरा आकडा एफएल, घरच्या माणसाची मजुरी. गोचीड काढणं, भाकर टाकणं, हिंडायले गेला तर हाका मारणं, दिवसाचा अर्धा तास धरा, बारा वर्षांत भरतात आठ तासाचे २७४ रोज, चारशे रुपयांनं १ लाख ९ हजार ६००. हे सगळं बायको करते. तिले सांगू नका, नाई तर ती बाकीच्या कामाचाही हिशेब मागन.

तिसरा सी-टू, त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं अन् भांडवलावरचं व्याज येते. ओसरीतली दोन बाय तीन फुटाची जागा अन् साखळीवरचं व्याज लावा. त्याच्यावर स्वामिनाथन आयोगाचा पन्नास टक्के नफा. सरकार म्हणते दीडपट आम्ही ए-टू अन् एफएलच्या बेरजेवर देतो, आपण म्हणतो सी-टू वर द्या, तर शेऱ्याले कोणता लावायचा ते तुम्ही पारावर ठरवा, कापसाचं ठरलं की त्याचंही ठरन.

उत्पन्नाचा रकाना मात्र उघडू नका, सगळा हिशेब नासते. रानडुकराचा कळप एका रात्रीत अर्धा एकर हरभरा उकरून जाते, धुऱ्यावर कुत्रं असलं तर चार रात्री वाचतात (पाचव्या रात्री ते झोपलेलं असते, तेही लिहू नका). बिबट आला तर बैलाच्या आधी ते जाते. बैलाची भरपाई भेटते, म्हणून मी मागं एका फॉरेस्ट गार्डले विचारलं होतं का कुत्र्याची किती, तर तो हसला, म्हणे फॉर्मात तसा रकाना नाई काका. पशुगणनेत मात्र आहे, २०२४ मध्ये एकविसावी सुरू झाली त्यात कुत्रेही मोजायचे होते. म्हणजे मोजायले जनावर आहे, मेलं तर नाई.

एवढं लिहून पुतण्याले फोटो पाठवणार होतो, पण आमच्या फिडरले या हप्त्यात लाईन रात्रीची आहे, बारा वाजता येते अन् गहू ओलवायले जा लागते. वही बंद केली, बॅटरी शोधून राहिलो, तर शेऱ्या आधीच उठून फाटकापाशी उभा. पहाटपर्यंत माझ्या पुढं चालते, बांधावर साप असला तर थांबते. आता एफएलमध्ये ही मजुरी माझी धरायची का त्याची, तेवढं पुतण्याले विचारून सांगतो तुमाले.