‘एम स्पोर्ट’ बिल्ला म्हणजे जास्त ताकदीचं इंजिन नव्हे

जुन्या बीएमडब्ल्यू एक्स३बद्दल एक दावा फिरतोय: ‘एम स्पोर्ट घ्या, इंजिन जास्त ताकदीचं असतं, दोन लाख जास्त गेले तरी चालतील.’ इंजिनाचं हे साफ खोटं आहे. २०१७ साली आलेल्या पिढीची एक्स३ २०डी घ्या. एम स्पोर्ट हे नुसतं जास्तीच्या सामानाचं पॅकेज; ते असो वा नसो, तेच दोन लिटरचं, १९० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. ताकद हवी तर एक्स३चीच जास्त ताकदीची एम४०आय किंवा खरी ‘एक्स३ एम’. त्या गाड्याच वेगळ्या.

पॅकेजमध्ये मिळतं ते बंपर, जाड स्टिअरिंग, मोठी चाकं. काही गाड्यांत कडक सस्पेन्शनही. मोठ्या चाकांना बारीक साइडवॉलचे (कमी उंचीच्या कडेचे) टायर, तेही बहुधा रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे, कडक कडांचे. आपल्या खड्ड्यांत कंबर आणि खिसा, दोन्हींची वाट!

बिल्ल्यावर तर मुळीच जाऊ नका, तो बाजारात सुटा मिळतो. चासी नंबरावरून कारखान्यातली पर्यायांची यादी काढा. तीत ३३७ हा कोड असेल तरच पॅकेज अस्सल. टायरवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर असतील तर नव्या टायरांची किंमत सरळ भावातून वजा करायला सांगा.