पॅनेल उतरवून दिलं की झालं?

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सौरऊर्जेत पुढे शिकायचं त्याच्या मनात आहे. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एकच ओळ: "मावशी, असं असेल तर यात पडून काय उपयोग?" हा मेसेज सध्या जो तो पुढे ढकलतोय. म्हणणं असं, की श्रीमंत देशांनी हरित तंत्रज्ञान खैरातीत दिलं, गरीब देशांना ते सांभाळता आलं नाही, यंत्रं धूळ खात पडली. पेटंटचं रडगाणं खोटं, सगळं इंटरनेटवर आहे. आणि सौर पॅनेल बनवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते जन्मात परत देत नाही. पोराचं मन खचायला एवढं पुरलं, म्हणून लिहायला बसले.

आधी ती खैरात. 1992 चा संयुक्त राष्ट्रांचा हवामान करार उघडा, कलम 4 मधलं पाचवं पोटकलम वाचा. विकसित देशांनी पर्यावरणपूरक तंत्रज्ञान आणि त्याचं ज्ञान इतरांपर्यंत, विशेषतः विकसनशील देशांपर्यंत पोचवायला शक्य ती सगळी पावलं उचलायची, योग्य तिथे पैसाही पुरवायचा, असं तिथे आहे. सातवं पोटकलम आणखी रोखठोक: विकसनशील देश आपली जबाबदारी कितपत पार पाडतील, हे श्रीमंत देश पैसा आणि तंत्रज्ञानाबद्दलचा शब्द कितपत पाळतात यावर अवलंबून. सही करून दिलेल्या शब्दाला खैरात म्हणतात का?

"सांभाळता आलं नाही" हे वाचून मात्र डोकं फिरलं. यंत्रं बंद पडली, हे खरं. का बंद पडली, हे कुणी पाहिलं? लस ठेवायचे सौर फ्रिज घ्या. आधीचे फ्रिज बॅटरीवर चालायचे. पॅनेल 25 वर्षं टिकतं, शिशाची बॅटरी चार-पाच वर्षांत मान टाकते. प्रकल्पाच्या पैशातून पॅनेल आलं, फ्रिज आला, उद्घाटन झालं. पाचव्या वर्षी लागणाऱ्या बॅटरीचे पैसे कुणी धरलेच नव्हते. मग आरोग्य केंद्रातल्या नर्सने काय करायचं? मिळेल ती गाडीची बॅटरी जोडायची. ती रोज तळापर्यंत उतरण्यासाठी बनवलेलीच नसते, थोड्याच दिवसांत बसते. छपरावर पॅनेल ठणठणीत आणि खाली फ्रिज गरम. यात नर्सचा आळस कुठे आला? उपाय निघाला तो यंत्र बदलून. बॅटरीच काढून टाकली. नवे फ्रिज दिवसा थेट पॅनेलच्या विजेवर चालतात, आतल्या कप्प्यात बर्फ गोठवून ठेवतात, रात्री त्या बर्फावर लस थंड राहते. जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेल्या फ्रिजच्या यादीत ते आहेत. वापरणारी माणसं तीच आहेत.

आता पेटंट. इथे अर्धी गोष्ट मान्य करावी लागते. सिलिकॉनचा सौर सेल, म्हणजे पॅनेलमधला वीज बनवणारा तुकडा, अमेरिकेतल्या बेल लॅब या प्रयोगशाळेत 1954 साली तयार झाला, त्याचं मूळ पेटंट केव्हाच संपलं, आणि पेटंटचे कागद कुणालाही वाचता येतात. पण दरवेळी दार एवढं उघडं नसतं. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या 1987 च्या माँट्रियल करारानंतर, फ्रिज-एसीत वापरले जाणारे आणि तो थर विरवणारे सीएफसी वायू बंद करायचे होते. त्याऐवजी वापरायच्या एचएफसी-134ए या वायूचं तंत्रज्ञान मागणाऱ्या भारतीय कंपनीला अडीच कोटी डॉलर सांगितले गेले. ते नको असेल तर संयुक्त कंपनीत बहुमताची मालकी द्या किंवा निर्यातीवर बंधनं घ्या. पेटंट अडवत नाही म्हणणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

पॅनेल आपली ऊर्जा परत देत नाही, ही तर शुद्ध थाप. ती साधारण एक-दोन वर्षांत फिटते, पुढे वीसहून अधिक वर्षं उरतात.

आणि हे खास भाच्यासाठी. शी झेंगरोंग ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली सौर सेलवर पीएचडी झाले, तिथेच काही वर्षं काम केलं आणि 2001 मध्ये चीनला परतून वूशी शहरात सनटेक ही सौर पॅनेल बनवणारी कंपनी काढली. पाठोपाठ इतरांचे कारखाने उभे राहिले, आणि 2010 नंतरच्या दहा वर्षांत पॅनेलची किंमत जवळजवळ 90 टक्क्यांनी उतरली. हवामान करारातल्या त्या पाचव्या पोटकलमात 'ज्ञान' हा शब्द आहे ना, ते हे. तू अर्ज भर. हा मेसेज ज्या ग्रुपवर आला, तिथे उत्तर मी टाकते.