दवाखान्यातली ‘नटी’ आणि मोठेबाबांचा मेसेज

परवा पाठीवर पंप घेऊन सोयाबीनवर फवारत होतो, तर खिशातला मोबाईल पाच वेळा थरथरला. पाचही वेळा मेसेज तोच. चार ग्रुपवर आणि पाचवा थेट मोठेबाबांकडून, म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाकडून. खाली त्यांची ओळ: ‘हे पाय. अन् तू गावाले हेच दाखोतं का?’

झालं असं की १६ ऑगस्टला, चिमूरच्या क्रांतीच्या दिवशी, आमच्या वाचनालयाच्या मागच्या भिंतीवर ‘२० डेज इन मारियुपोल’ हा माहितीपट दाखवायचं ठरलं होतं. मोठेबाबा कमिटीत आहेत. मेसेज फिरला आणि कार्यक्रम ‘पुढं पाहू’ झाला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. युक्रेनच्या मारियुपोलमध्ये प्रसूतीच्या दवाखान्यावर बॉम्ब पडलाच नाही. फोटोत दिसलेली जखमी गरोदर बाई ही रंग फासलेली नटी होती आणि तिथल्या दोन्ही गरोदर बायका तिनंच वठवल्या. माहितीपट हे मुळात इंग्रजांचं प्रचाराचं हत्यार. ऑस्कर मिळालं म्हणजे पिक्चर विकाऊ. आणि दुसऱ्याच्या युद्धाशी आपल्याला काय घेणं? शेवटी ‘दहा ग्रुपवर पाठवा’ आहेच.

नटीपासूनच सुरू करतो, कारण डोकं त्यानंच फिरलं.

रशियानं मारियुपोलला वेढा घातला होता, त्यात ९ मार्च २०२२ ला तो दवाखाना उडाला. दुसऱ्या दिवशी रशियाचं संरक्षण खातं म्हणालं, आम्ही तिथं हल्ला केलाच नाही, सगळा बनाव आहे. त्याच दिवशी त्यांचे परराष्ट्रमंत्री लावरोव म्हणाले, त्या इमारतीत युक्रेनचे लढवय्ये बसले होते, पेशंट आणि नर्सा आधीच हाकलल्या होत्या. म्हणजे बैल तुझ्या वावरात गेलाच नाही, आणि गेला असेल तर तिथं पीक होतंच कुठं! लंडनमधल्या रशियन वकिलातीनं वर आणखी टाकलं की दोन्ही बायका म्हणजे एकच बाई आहे, मेकअप मात्र छान जमलाय. ते ट्विट ट्विटरनंच काढून टाकलं. आमच्या ग्रुपवर त्याचं मराठी अजून हिंडतंय.

आता खरं काय ते. बायका दोन होत्या. एक गोधडीसारखं काही अंगावर घेऊन जिना उतरणारी, दुसरी स्ट्रेचरवर. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे मस्तिस्लाव चेर्नोव आणि एव्हगेनी मालोलेत्का फोटो काढून थांबले नाहीत, त्यांनी दुसऱ्या दवाखान्यात जाऊन दोघींचा माग काढला. जिना उतरणारीला मुलगी झाली. स्ट्रेचरवरची गेली, तिचं बाळही गेलं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर रातरातभर नाटकं चालतात, नट्या आम्हाला काही नव्या नाहीत. वडसाच्या कंपनीतली बाई तिसऱ्या अंकात मेली तरी पडदा पडल्यावर उठून चहा पिते. ही उठली नाही.

एक कबूल करावं लागेल, नाइलाजानं. जिना उतरणारी बाई सौंदर्यप्रसाधनांबद्दल इंटरनेटवर लिहायची, जाहिराती करायची. ‘नटी’ हा शब्द तिथूनच निघाला. पुढं ती रशियाच्या बाजूला गेली, फोटो काढणाऱ्यांवर नाराजी दाखवली, विमानाचा आवाज आपण ऐकला नाही असंही म्हणाली. पण आपण तिथं पेशंट होतो, हे तिनंही कधी नाकारलं नाही. मेसेजवाल्यांनी निदान तिचं तरी ऐकावं.

याच कारणासाठी चेर्नोवचा तो माहितीपट दाखवायचा होता. फोटो एका क्षणाचा असतो, त्याला ‘नाटक’ म्हणणं सोपं. इथं आधीचं, नंतरचं, डॉक्टरांचं बोलणं, रस्ता, तळघर असं सगळं सलग दिसतं. चेर्नोवनं सुमारे तीस तास चित्रण केलं होतं. वेढ्यातून, मिळेल तिथं रेंज पकडून, बाहेर गेलं ते फक्त चाळीस मिनिटांचं. बाकीचं त्यांच्यासोबत १५ मार्चला शहराबाहेर निघालं. तीस तासांचं नाटक बसवायला झाडीपट्टीच्या सगळ्या कंपन्या लागतील.

इंग्रजांच्या हत्याराबद्दल मात्र मोठेबाबांचा मेसेज अर्धा बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ काढली आणि १९४३ मध्ये टॉकीजवाल्यांना सरकारी फिल्म दाखवणं सक्तीचं केलं. स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजन आलं, सक्ती तशीच राहिली. पण विळा कोणाच्या हातात आहे तेही पाहावं ना. रने वोतिए नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराला फ्रेंचांनी आफ्रिकेत पाठवलं होतं, आपण तिथं शिक्षण कसं देतो हे टिपायला. त्यानं टिपली ती फ्रेंचांनीच जाळलेली गावं. १९५० चा तो माहितीपट फ्रान्समध्ये चाळीस वर्षांवर बंद होता, आणि त्याला तुरुंग झाला. प्रचारच असता तर कोंडला कशाला असता?

ऑस्करचं सोडा. बक्षिसानं खरं खोटं होत नाही आणि खोटं खरंही होत नाही.

राहिलं ‘आपल्याला काय घेणं’. हे मोठेबाबांनी पाठवावं, याचं जास्त वाईट वाटलं.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चिमुरात गोळीबार झाला, लोक उसळले, सरकारी अधिकारी मारले गेले. मग फौज आली, गडी माणसं धरून नेली, आणि मागं राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. सरकारनं चौकशी नाकारली. सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी चौकशीसाठी उपोषण धरलं, ६३ दिवस. त्याची बातमी छापायलाच भारत संरक्षण नियमांखाली बंदी आली. निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशभरच्या वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच काढला नाही. बंदीचं कारण एकच सांगितलं जायचं, युद्ध चालू आहे.

माझी आजी, म्हणजे मोठेबाबांची आई, तेव्हा चिमुरात नवी सून होती. त्या दिवसांबद्दल ती एकच वाक्य बोलायची: ‘बायांनी दारं आतून लावली, पण दारं ती काय होती बाप्पा.’ पुढं गप्प. तिच्या त्या गप्प बसण्याचं चित्रण कोणी केलं नाही. उद्या एखाद्यानं मेसेज फिरवला की चिमुरात तसं काही झालंच नाही, बायका खोटं बोलल्या, तर मोठेबाबा काय दाखवणार आहेत?

युक्रेनचंही दुखणं जुनंच आहे. १८७६ मध्ये झारनं त्यांच्या भाषेत पुस्तकं छापायला बंदी घातली होती. ‘तुम्ही वेगळे नाहीच’ हे त्यांना आजही ऐकवलं जातं. हे आम्हाला कळू नये इतके आम्ही लांबचे नाही.

हे सगळं संध्याकाळी ओसरीवर बसून मोठेबाबांना सांगितलं. आजीचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी तंबाखू मळणं थांबवलं. मग बराच वेळानं म्हणाले, ‘किती वाजता हाय तुझा पिक्चर?’

शनिवारी, रात्री आठला. लाईन गेली तर इन्व्हर्टर आहे. मेसेज त्यांनी अजून काढलेला नाही.